थोरलीचा एक पाय राहिला

लग्न झालं त्या दिवशी दादाने वहिनीला आधी घरी आणलंच नाही. वाटेत वळण घेऊन तो तिला मॅमथखान्यात घेऊन गेला. तिच्या अंगावर नवे कपडे, काखेत गाठोडं, आणि समोर छपराला टेकेल एवढं केसाळ धूड. दादा म्हणाला, "ही थोरली. हिला विचारल्याशिवाय मी काही करत नाही."

वहिनी मान मागे टाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी धाकटी."

आजूबाजूचे माहूत पोट धरून हसले, आणि तेव्हापासून ती धाकटीच झाली. दुकानदारांची, शिपायांची, सगळ्या गल्लीची धाकटी. सवत बघून हसलेली नवरी आमच्याकडे कुणी पाहिलेली नव्हती.

मी तिची नणंद, दादाच्या पाठची. लग्न केलं नाही, घरातच माग टाकून बसले. वसंतात मॅमथांची लोकर पुंजक्यापुंजक्याने गळते. ती गोळा करायची, पिंजायची, कातायची आणि फौजेच्या डगल्यांचं कापड विणायचं, हे माझं काम. दादा माहूत. वहिनी नालबंदाची मुलगी, घोड्यांच्या खुरांत वाढलेली. तिने आल्या वर्षीच मॅमथांच्या पायांचं काम अंगावर घेतलं. तिघांचं पोट एकाच जातीच्या जनावरावर चालायचं, जागा तेवढ्या वेगळ्या. दादा मानेवर, मी केसांत आणि वहिनी पायाशी.

रानातल्या मॅमथाची नखं कुणाला कापावी लागत नाहीत. तो दिवसभर गोठलेल्या मातीवरून चालतो, नखं आपोआप झिजतात. बांधून ठेवलेल्याची मात्र वाढतात, चिरतात, तळव्याला भेगा पडतात, एखादा खडा आत रुतला की पू धरतो आणि मग एवढं मोठं जनावर तीन पायांवर उभं राहून कण्हतं. वहिनी ठेंगणी घडवंची पुढे सरकवायची, थोरलीच्या पायावर थाप मारून "दे गं" म्हणायची, आणि थोरली पाय उचलून घडवंचीवर ठेवायची. तो मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचा, वाकड्या पात्याच्या सुरीने मेलेली कातडी काढायची, नखांवर कानस फिरवायची, भेगांत मेण आणि चरबी भरायची. हे चालू असताना थोरली सोंडेने वहिनीचा अंबाडा सोडून ठेवायची. वहिनी तिला शिव्या घालायची आणि पुन्हा केस बांधायची.

थोरली रानात जन्मलेली. पिल्लू असताना खड्ड्यात पाडून पकडलेली, आमच्या वडिलांनी वाढवलेली. दरवर्षी बर्फाच्या सुमाराला रानातले कळप उत्तरेकडून खाली येत आणि आमच्या वरच्या अंगाला नदी ओलांडून जात. ते दिसण्याआधीच मला कळायचं, कारण मागावरचे ताणलेले धागे थरथरायला लागत. इतक्या खालच्या सुरात ते एकमेकांशी बोलतात की कानाला काही ऐकू येत नाही, पोटात जाणवतं. खान्यातले मॅमथ तेव्हा चारा टाकून डोलत उभे राहत.

मग लढाई निघाली. नदीपलीकडच्यांशी. कुरणांवरून म्हणे, मिठाच्या खाणीवरून, असंही कुणी म्हणे. निघायच्या सकाळी थोरलीच्या सुळ्यांवर पोलादी टोपणं चढवली, कपाळावर ढाल बांधली, पाठीवर हौदा आवळला, त्यात तिरंदाज बसले. वहिनी घडवंची हातात घेऊन तिथेच उभी होती. तिने मला हळूच विचारलं, "वन्सं, ही आपलीच ना?"

"आपली नाही तर कुणाची?"

"तसं नव्हे. मला ओळखूच येईना."

दादा मानेवरून ओरडला, "धाकटे, खिडकी नीट लावत जा, वारा येतो." निरोप म्हणून एवढंच.

फौज परतली तेव्हा जिंकलो की हरलो हेच आधी कळेना. नगारे तर वाजत होते, पण वाजवणाऱ्यांची तोंडं उतरलेली. थोरली रांगेच्या शेवटी होती. हौदा नाही, त्यातले तिरंदाज नाहीत, ढाल नाही, डावा सुळा अर्ध्यात तुटलेला. मानेवर कुणीच नाही. शेजारच्या मॅमथाचा माहूत, ज्याला सगळे बुटका म्हणत, तिला दोर धरून आणत होता.

"आणि हे कुठायत?" वहिनीने विचारलं.

बुटक्याने दोर तिच्या हातात दिला आणि तोंड फिरवलं.

खान्याच्या जमादाराने आम्हाला आत बोलावून बसवलं. तो म्हणाला, "लव्हाळ्यात तीर लागले तशी ती बिथरली. माहुताला खाली ओढला. पुढचं सांगत नाही. मी लांब होतो, पण दिसलं ते असं."

बुटका दारातच घुटमळत होता. तो म्हणाला, "खाली घेतला हे खरं. पण आपटला नाही, जमादार. कमरेला सोंडेचा वेढा घालून उचलला आणि लव्हाळ्यात आत नेला. बाहेर आली ती एकटी. आत काय झालं, मला काय ठाऊक?"

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण फौजेचा आचारी आम्हाला रस्त्यात गाठून म्हणाला, "मी तर त्याला त्यानंतर पाहिला. पाठमोरा. नदीच्या पलीकडच्या काठाने चालत होता."

"तोच होता कशावरून?" मी विचारलं.

"चालीवरून."

"दमल्यावर सगळेच तसे चालतात."

"हो, तेही आहेच," आचारी म्हणाला आणि विचारात पडला.

आम्हीही पडलो. घरी आल्यावर वहिनीने जेवायला तीन ताटं मांडली, एक उचललं, पुन्हा मांडलं, आणि शेवटी तिन्ही तशीच ठेवून खिडकीपाशी जाऊन बसली.

दोन दिवसांनी जमादार स्वतः घरी आला. त्याचा पेच निराळाच होता. "माहुताला मारलेला मॅमथ ठेवायचा नाही, असा नियम आहे," तो म्हणाला. "तिला भाले घालावे लागतील. आणि तिने मारला नसेल, तर माणूस जिवंत असून परतला नाही. त्याला पळपुटा म्हणतात. पळपुट्याच्या घरच्यांना फौजेच्या घरात राहता येत नाही. वर काहीतरी एक सांगायला हवं. तू बायको. तू म्हणशील ते मी सांगेन."

"मी होते का तिथे?" वहिनी म्हणाली.

"नव्हतीस."

"मग मी काय म्हणणार? मला माहीत नाही."

"माहीत नाही हे काही उत्तर नव्हे, धाकटे."

"माझ्यापाशी तेवढंच आहे. आणि आधी तुम्ही मला सांगा, मी कोण? विधवा, की टाकलेली? आरशात बघताना तोंड तरी कुठलं करू?"

जमादार वाईट माणूस नव्हता. त्याने डोकं खाजवलं, पाणी मागितलं, ते न पिताच उठला. जाताना म्हणाला, "उद्या सांग."

दुसऱ्या दिवशी वहिनी सुरी-कानस घेऊन निघाली. मोहिमेवर कुणी थोरलीचे पाय बघितले नसणार, असं तिचं म्हणणं. मी मागोमाग गेले. मला त्या जनावराच्या डोळ्यांत बघायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याला भाले घालताना बघायलाही माझी तयारी होती. एकच भाऊ माझा.

"दे गं," वहिनी म्हणाली. थोरलीने पाय दिला. नेहमीसारखाच दिला.

पायाची पार दशा झाली होती. चिखलाचे थर, काटे, लव्हाळ्याची मुळं, तिराचं एक मोडकं टोक. वहिनी धूत होती आणि धुता धुता शोधत होती. काय शोधत होती ते ना तिने सांगितलं, ना मी विचारलं. मागच्या पायाच्या भेगेतून तिने कापडाची एक चिंधी ओढून काढली.

"वन्सं, बघा. तुमच्या हातचं आहे का?"

मी ती पिळली, झटकली, उजेडात धरली, उलटी करून पाहिली. तपकिरी, जाड विणीची. दादाचा डगला मी विणलेला. पण फौजेतले निम्मे डगले माझ्याच मागावरचे, आणि उरलेलेही याच लोकरीचे. स्वतःचं काम स्वतःला ओळखता येऊ नये, याचा मला इतका राग आला की काही सुधरेना.

"असेल," मी म्हटलं. "नसेलही."

"मग?"

"मग काय? मारून टाकायला सांग, वहिनी. हिनेच खाल्लं माझ्या भावाला."

"मॅमथ गवत खातात, वन्सं."

"तू हिची बाजू घेतेस?"

"नाही घेत." तिने थोरलीच्या पायाला कपाळ टेकलं. "आणि नसेल मारलं हिने, तर?"

"मग दादा पळाला म्हणायचं?"

"तसंही मला म्हणवत नाही." असं म्हणून ती रडायला लागली, आणि थोरलीने वरून सोंड आणून तिचा अंबाडा सोडला. त्याचा अर्थ काय घ्यायचा? वहिनीला तो धीर वाटला. मला वाटलं, या जनावराला नुसती सवय आहे.

वहिनीने जमादाराला जाऊन सांगितलं, "तिला मारू नका. आणि ते पळाले असंही कळवू नका."

"अगं, मग कळवू काय?"

"थांबा म्हणून कळवा."

जमादार म्हणाला, असं त्याच्या सगळ्या नोकरीत कुणी त्याला सांगितलं नव्हतं. पण सेनापती राजधानीत गेलेले, तहाची बोलणी लांबलेली, कुणाला कुणाकडे बघायला वेळ नाही. त्यामुळे थांबणं आपोआपच झालं. आमच्या घरात मात्र त्या दिवसांत कशाचा कशाला मेळ राहिला नाही. वहिनी कधी दादाचे जोडे उन्हात ठेवायची, कधी उचलून माळ्यावर टाकायची. मी तिच्याशी दोन दिवस बोलायचे, दोन दिवस अबोला धरायचे.

आणि एके दुपारी, आम्ही जेवत असताना, दारात मिठाची गाडी थांबली. गोण्यांवरून दादा उतरला. दाढी वाढलेली, उजवा खांदा एका बाजूला कललेला, अंगात कुणाचातरी आखूड सदरा.

मी किंचाळले. वहिनी घास हातात घेऊन तशीच बसून राहिली. मग तिने विचारलं, "जेवलात का?"

"नाही," दादा म्हणाला आणि ताटावर बसला.

त्याने सांगितलं ते असं. लव्हाळ्यापाशी तीर नुसते बरसत होते. थोरली थांबली. त्याने पुढे चालण्याची खूण केली, ती हलेना. मग तिने सोंड मागे आणून त्याला उचललं, आत नेलं आणि चिखलात ठेवलं. "पाण्याची घागर ठेवतो ना आपण, कलंडू नये म्हणून, तसं." खांदा मोडला तो तिने उचलण्याआधी की उचलताना, ते त्याला आठवत नव्हतं. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. त्याने हाका मारल्या, शिकवलेले सगळे शब्द वापरले, वडील वापरायचे तेसुद्धा. ती वळली आणि निघून गेली. पुढे लव्हाळी कापून चटया विणणाऱ्या एका म्हाताऱ्या नवराबायकोला तो सापडला. पलीकडच्या मुलखातली माणसं. त्यांनी खांदा बांधला, झोपडीत ठेवून घेतलं.

"शत्रूला ठेवून घेतलं? कशासाठी?" मी विचारलं.

"त्यांनाही कळत नव्हतं बहुतेक. रोज माझ्याकडे बघून भांडायचे."

जमादाराला सगळ्यात जास्त आनंद झाला. मारायला नको, घर काढून घ्यायला नको. आम्हालाही झाला, नाही कसा! पण दादा काही घरी आल्यासारखा वागेना. घास तोंडाशी नेता नेता थांबायचा. "धाकटे, तिने मला वाचवलं, की टाकून दिलं?"

"वाचवलं हो."

"मग परत न्यायला का आली नाही?"

वहिनी म्हणायची, "तिकडे तीर होते म्हणून." दादा म्हणायचा, "तीर थांबल्यावरही आली नाही." पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच.

तो थोरलीकडे गेला तेव्हा अख्खा खाना बघायला जमला होता. तिने त्याचं तोंड हुंगलं, दाढी हुंगली, मोडक्या खांद्यावर सोंड बराच वेळ ठेवली. बुटक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. दादा म्हणाला, "बैस." ती बसली नाही. पुन्हा म्हणाला. तिने एक पाऊल मागे घेतलं आणि चारा खायला लागली. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही, नंतर कधीच ती त्याच्यासाठी खाली बसली नाही. इतर माहुतांनाही तिने मानेवर घेतलं नाही. वहिनीने मात्र "दे गं" म्हटलं की पाय द्यायची.

"माझ्यावर रुसलीय," दादा म्हणायचा.

"मग मनवा," वहिनी म्हणायची.

"माझी चूक काय, ते तर कळू दे!"

बसू न देणारा मॅमथ फौजेला काय कामाचा? तिला लाकडं ओढायला पाठवायचं ठरलं. त्याआधी वहिनी तिचे पाय करायला बसली. मी वसंतात साठवलेल्या लोकरीची पोती भरायला तिथेच होते. मागचे पाय करताना साखळीचं कडं काढावंच लागतं, तसं वहिनीने ते काढलं होतं. एक पाय झाला. दुसरा घडवंचीवर घेतला, धुतला, सुरी लावली, तेवढ्यात माझ्या पोटात ती थरथर जाणवली.

रानातला कळप आला होता. नेहमी वरच्या अंगाने जाणारे ते त्या वर्षी खान्याच्या कुंपणापर्यंत उतरले होते. बर्फाचे पहिले कण पडत होते आणि त्यांच्या आडून ते मोठाले खांदे दिसत होते. शिपाई डबे बडवत धावले. खान्यातले सगळे मॅमथ साखळ्या ताणून डोलत होते. थोरलीने घडवंचीवरचा पाय खाली ठेवला आणि चालायला लागली. घाईने नाही. पाण्यावर जावं तशी.

फाटकापाशी दादा उभा होता. फाटकाचा आडवा दांडा, आडणा, त्याच्या हाताशी होता; लावला असता तर ती थांबली असती, कारण लावलेलं फाटक तिने कधी तोडलेलं नव्हतं. दादाने आडण्यावर हात ठेवला. तो तसाच राहिला. थोरली त्याच्या शेजारून जाताना थांबली का? मी म्हणते, थांबली. वहिनी म्हणते, फाटक अरुंद होतं म्हणून अंग चोरलं.

वहिनी हातात सुरी घेऊन तिच्या मागे धावत होती. "अगं, एक पाय राहिलाय!" ती ओरडत होती. "अगं, एक पाय राहिलाय तुझा!"

कळप वळला, आणि पाहता पाहता तुटक्या सुळ्याची थोरली त्यांच्यात वेगळी दिसेनाशी झाली.

जमादाराने दोघांना समोर उभं केलं. "सोडली, की सुटली?"

वहिनी म्हणाली, "कडं मी काढलं होतं. पण ते पायासाठी."

दादा म्हणाला, "आडणा माझ्या हातात होता. का लावला नाही, ते मला खरंच सांगता येत नाही."

"या घरात कुणाला कधी काही माहीत असतं का?" जमादार वैतागला. दादाचं माहूतपण गेलं. तसंही त्या खांद्याने तो मानेवर चढू शकत नव्हता. जमादाराने त्याला वहिनीच्या हाताखाली दिलं.

तह झाला आणि नदीवर होड्या सुरू झाल्या, तेव्हा ती चटयावाली नवराबायको आमच्याकडे येऊन गेली. त्यांची भाषा आम्हाला येईना, आमची त्यांना. वहिनीने त्यांना पोटभर वाढलं, मी दोघांना एकेक कांबळं दिलं. जेवणं झाल्यावर म्हातारीने दादाकडे बोट दाखवलं आणि उभी राहून नक्कल करायला लागली. दोन्ही हातांनी काहीतरी मोठं उचललं, अलगद खाली ठेवलं. म्हणजे तिने पाहिलं होतं! मग म्हातारीने दोन्ही तळवे स्वतःच्या चेहऱ्यावरून खाली ओढले, एकदा, पुन्हा एकदा, आणि लांब कुठेतरी हात केला. म्हातारा तिच्याशी वाद घालायला लागला. त्याने तीच नक्कल वेगळी करून दाखवली. दोघं भांडत भांडतच होडीत बसले.

मला वाटतं, थोरली रडली असं ती सांगत होती. दादाला वाटतं, त्याच्या तोंडावरचा चिखल थोरलीने पुसला, असं ती सांगत होती. बुटका म्हणतो, ती नुसती ऊन फार होतं म्हणत असेल. आजही हा विषय निघाला की जेवणं गार होतात.

वहिनी कुणाचीच बाजू घेत नाही. तिला काम असतं. फौजेने नवी पिल्लं धरून आणली आहेत, घाबरट, रानाच्या वासाची, आणि त्यांना घडवंचीची फार भीती वाटते. म्हणून ती आधी स्वतःच जोडा काढून घडवंचीवर पाय ठेवते. दादा खाली बसून तिच्या नखांवर कानस फिरवल्यासारखं करतो, तिला गुदगुल्या होतात, ती त्याच्या पाठीत धपाटा घालते, आणि पिल्लं कान पुढे करून बघत राहतात.